हरवलेला रानपिंगळा आणि खानदेशची नोंदवही

एखादा पक्षी एखाद्या प्रदेशातून 'नाहीसा झाला' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणायचे असते? याचे दोन अर्थ होऊ शकतात. पक्षी खरोखरच उरला नाही, हा एक. दुसरा अर्थ असा, की पक्षी आपल्या जागी आहे, पण त्याला ओळखणारा आणि पाहून लिहून ठेवणारा माणूस तिथे उरला नाही. हे दोन अर्थ वेगळे कसे करायचे, हा पक्षिविज्ञानातला मोठा कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना जगभरच्या अभ्यासकांना ज्या भूभागात यावे लागले, तो आपला खानदेश. या लेखात आपण त्याची हकिकत पाहू. ही हकिकत एका वितीएवढ्या घुबडाची आहे. तितकीच ती खऱ्या आणि खोट्या नोंदींचीही आहे.

पंचांगातले पक्षी

खानदेशात पक्ष्यांकडे लक्ष देणे ही काही नवी गोष्ट नाही. उन्हाळा तापू लागला की पावशा ओरडू लागतो आणि शेतकऱ्याला त्यात 'पेरते व्हा' असे शब्द ऐकू येतात. खरे तर हा पक्षी पावसाची वर्दी देत नसतो. त्याचा स्वतःचा विणीचा हंगाम जवळ आलेला असतो आणि नर मादीला साद घालत असतो. पण त्याचा विणीचा हंगाम आणि आपला पेरणीचा हंगाम जवळजवळ असल्यामुळे त्याची हाक लोकांच्या पंचांगात जाऊन बसली.

चातकाचेही तसेच. पावसाच्या तोंडावर मध्य आणि उत्तर भारतात दिसू लागणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतात. इथे आल्यावर मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते आणि पिल्ले वाढवण्याचे काम सातभाईंवर सोपवून मोकळी होते. पावसाळा उतरू लागला की भोरड्यांचे थवे येतात. ज्वारीच्या कणसांवर तुटून पडणाऱ्या आणि पुढे पळस फुलला की त्याच्या फुलांवर गर्दी करणाऱ्या या पळसमैना पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेल्या असतात. वसंत सरता सरता त्या परत जातात, कारण त्यांची वीण तिकडे होते.

हे ज्ञान खरे आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. पण त्याला एक मर्यादा आहे. त्यात महिना असतो, वर्ष नसते. 'भोरड्या ज्वारीच्या दिवसांत येतात' हे आजोबांना ठाऊक होते. पण त्या एखाद्या ठराविक वर्षी कोणत्या तारखेला आल्या, किती आल्या, आणि आता त्या लवकर येतात की उशिरा, हे आजोबांच्या ज्ञानावरून सांगता येत नाही. तुलना करायची तर लिहिलेली नोंद लागते.

बंदूक, चिठ्ठी आणि नोंद

लिहिलेल्या नोंदींचे युग आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात सुरू झाले, आणि ते बंदुकीच्या बळावर सुरू झाले हे मान्य करायला हवे. त्या काळी दुर्बिणी फार चांगल्या नव्हत्या. पक्षी मारायचा, त्याची कातडी काढून आत कापूस भरायचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची, ही अभ्यासाची रूढ पद्धत होती. त्या चिठ्ठीवर चार गोष्टी असत: पक्ष्याचे नाव, ठिकाण, तारीख आणि नमुना गोळा करणाऱ्याचे नाव. या चार गोष्टींवर सारे पक्षिविज्ञान उभे होते. पद्धती बदलल्या, तरी ते आजही त्यांवरच उभे आहे.

या काळातले सर्वांत मोठे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे. शाळेच्या इतिहासात ते १८८५ साली स्थापन झालेल्या काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून येतात. पण त्याआधी ते भारतीय पक्ष्यांचे जाणकार म्हणून प्रसिद्ध होते. १८७२ पासून त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्षिविषयक नियतकालिक चालवले. देशभर विखुरलेले अधिकारी, सर्वेक्षक आणि डॉक्टर त्यांना नमुने आणि टिपणे पाठवत असत.

अशाच एका हौशी संग्राहकाने, एफ. आर. ब्लेविट यांनी, १८७२ साली आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागातून एक लहान घुबड मिळवले. ते आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखे दिसत होते, पण पिंगळा नव्हते. डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते, पाय जाडजूड आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले होते. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्यासाठी 'हेटेरोग्लॉक्स' ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'वेगळे घुबड' असा होतो. जातीच्या नावात ब्लेविट यांचे नाव गुंफले गेले. मराठीत या पक्ष्याला आपण रानपिंगळा किंवा वनपिंगळा म्हणतो. १८७७ साली भूशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना पूर्वेकडेच, आजच्या ओडिशातील खरियार भागात, दुसरा नमुना मिळाला.

यानंतर रंगमंचावर खानदेश येतो. मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन हे १८८० च्या सुमारास पश्चिम खानदेशात होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा आणि तळोद्याच्या रानात, त्यांना रानपिंगळे मिळाले. पूर्वेकडच्या दोन ठिकाणांपासून हे ठिकाण कित्येकशे किलोमीटर दूर होते. १८८२ च्या सुमारास 'स्ट्रे फेदर्स'मध्ये त्यांची पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. तिला त्यांनी स्वतःच 'कच्ची यादी' म्हटले होते. आपल्या भागाच्या पक्ष्यांची ही एक पायाभूत नोंद आहे. पुढे डेव्हिडसन कारवारकडे गेले, तेथे त्यांनी फुलपाखरांवरही काम केले.

१८७२ ते १८८४ या बारा वर्षांत मिळून रानपिंगळ्याचे सात नमुने गोळा झाले. त्यांतले बहुतेक डेव्हिडसन यांचे होते. त्यानंतर मात्र सारे शांत झाले.

याच सुमारास ह्यूम यांच्यावर एक आपत्ती कोसळली. सिमल्याच्या घरातून त्यांची अनेक वर्षांची हस्तलिखिते एका नोकराने रद्दीच्या भावात बाजारात विकून टाकली. खचलेल्या ह्यूम यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि आपला सुमारे ऐंशी हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो नेण्यासाठी रिचर्ड बाउडलर शार्प हे म्युझियमचे पक्षितज्ज्ञ १८८५ साली स्वतः सिमल्याला आले. टिपणे गेली, पण नमुने आणि त्यांच्या पायाच्या चिठ्ठ्या राहिल्या. पुढच्या शतकात त्यांचाच उपयोग झाला.

एक ठिकाण, चार पत्ते

इथे थोडे थांबून 'ठिकाण' या शब्दाचा विचार करू. डेव्हिडसन यांच्या काळी शहादा आणि तळोदा खानदेश जिल्ह्यात होते. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा ही गावे पश्चिम खानदेशात गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पश्चिम खानदेश हा धुळे जिल्हा म्हणून आणि पूर्व खानदेश जळगाव जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा नवा जिल्हा निघाला आणि शहादा-तळोदा त्यात गेले. म्हणजे एकाच झाडावर बसलेल्या पक्ष्याचा पत्ता सव्वाशे वर्षांत चार वेळा वेगळा लिहिला गेला असता.

नुसते 'खानदेश' किंवा 'धुळे जिल्हा' एवढेच लिहिणाऱ्याची नोंद पुढच्या पिढीला म्हणूनच अपुरी पडते. गाव, शिवार, नाला, टेकडी ही नावे सहसा टिकतात, सरकारी हद्दी मात्र बदलत राहतात. विद्यार्थ्यांना नोंद लिहायला शिकवताना हा मुद्दा आवर्जून सांगावा.

खोट्या चिठ्ठीची करामत

विसाव्या शतकातील पुस्तकांत रानपिंगळ्याची शेवटची नोंद १८८४ ची दिलेली नसे. ती १९१४ ची दिलेली असे. कारण ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आणखी एक नमुना होता. त्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतील तापीकाठचे मांडवी हे ठिकाण, १९१४ हे साल आणि कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागेन यांचे नाव होते. माइनर्त्सहागेन (१८७८-१९६७) हे ब्रिटिश सेनाधिकारी होते आणि पक्षिशास्त्रातील एक वजनदार असामी म्हणून त्यांचा दबदबा होता. १९५४ साली त्यांनी आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह म्युझियमला दिला होता.

सुरत जिल्ह्यातील मांडवी शहाद्यापासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला आहे. एका चिठ्ठीने दोन गोष्टी केल्या. पक्षी तीस वर्षे उशिरापर्यंत दिसत होता असे तिने भासवले आणि शोधणाऱ्यांचे पाय मांडवीकडे वळवले. सालिम अली आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी केलेला शोधही व्यर्थ गेला. अधूनमधून 'रानपिंगळा दिसला' अशा बातम्या येत, पण तपासल्यावर तो साधा पिंगळा निघे. हा पक्षी बहुधा नामशेष झाला असावा, असे मत हळूहळू बळावत गेले.

१९९० च्या दशकात चित्र पालटले. स्मिथसोनियनमध्ये पामेला रासमुसेन या संशोधिका रिप्ले यांनी हाती घेतलेल्या दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या ग्रंथाचे काम पाहत होत्या. त्यासाठी जुने नमुने एकेक करून तपासणे चालू होते. माइनर्त्सहागेन यांच्या काही नमुन्यांबद्दल ब्रिटनमध्ये शंका घेतल्या जात होत्याच. ॲलन नॉक्स यांनी १९९३ साली त्यांच्या संग्रहातील काही लहान पक्ष्यांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचे दाखवून दिले होते. मग १९१४ च्या रानपिंगळ्याचे काय?

रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरण छायाचित्रे घेतली. कातडी सोलण्याची, पंख बांधण्याची, कापूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक लकब असते, जशी प्रत्येकाच्या हस्ताक्षराची असते. हा नमुना एकदा तयार करून नंतर उसवून पुन्हा भरलेला होता आणि आतले मूळ काम माइनर्त्सहागेन यांच्या पद्धतीचे नव्हते. ते डेव्हिडसन यांच्या पद्धतीचे होते. निष्कर्ष सरळ होता: डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला एक पक्षी म्युझियममधून चोरला गेला होता, नव्याने भरला गेला होता आणि नवी चिठ्ठी बांधून पुन्हा म्युझियममध्येच आला होता. हे सारे विवेचन १९९९ साली 'आयबिस' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

विज्ञानात चूक होणे आणि लबाडी होणे यांत फरक आहे. चूक दुसऱ्याच्या तपासणीत उघडी पडते, कारण चूक करणाऱ्याने आपली माहिती मोकळेपणाने मांडलेली असते. लबाडी मात्र तपासणीच्या मार्गातच खड्डा खणते. इथे त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही. १९१४ ची नोंद खरी मानली गेली नसती, तर कदाचित कोणीतरी खूप आधी शहाद्याच्या रानात पुन्हा पाहायला गेले असते. मधल्या काळात त्या रानाचे मोठे भाग तुटून शेताखाली गेले. या अवधीत त्यांत किती रानपिंगळे होते, हे आता कधीच कळणार नाही.

२५ नोव्हेंबर १९९७

खोटी नोंद बाजूला काढली की उरलेल्या खऱ्या नोंदी आपोआप वाट दाखवतात. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. मांडवी त्यांनी यादीतून वगळली होती. आधी ते पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणांकडे गेले. तिथे काही हाती लागले नाही. मग ते खानदेशात, डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्यांवरच्या शहाद्याला आले.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी, चांगले ऊन आले असताना, बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर एक लहान घुबड बसलेले दिसले. डोक्यावर ठिपके नाहीत, छाती गडद तपकिरी, पोट पांढरे, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पायांवर पांढरी पिसे. त्याचे चित्रण करण्यात आले. १८८४ नंतर ११३ वर्षांनी विज्ञानाला रानपिंगळा पुन्हा भेटला. तोही जुन्या चिठ्ठ्यांनी सांगितलेल्या मुलखातच.

'पुन्हा शोध' हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. पक्षी हरवला नव्हता. तो तिथेच अंडी घालत होता, पिल्ले वाढवत होता. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांच्या आसपास त्याची हाक रोज उठत असणार. हरवली होती ती लिहिण्याची साखळी. १८८४ आणि १९९७ यांमधल्या काळात तिची एकही कडी जोडली गेली नाही.

एक दिवस आणि एक वर्ष

पक्षी एकदा दिसला, याने त्याचे अस्तित्व सिद्ध होते. त्याचे जीवन कळायला त्याच्याबरोबर ऋतू काढावे लागतात. हे काम पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी केले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी जुन्या प्रदेशातील १४ वनक्षेत्रे पालथी घातली. उत्तर महाराष्ट्र आणि नैर्ऋत्य मध्य प्रदेश मिळून फक्त चार ठिकाणी त्यांना रानपिंगळे सापडले, सगळे मिळून २५. त्यांत तळोदा आणि तोरणमाळ होते, तसेच मेळघाटही होते.

हंगामामागून हंगाम पाहिल्यावर या पक्ष्याची दिनचर्या उलगडू लागली. घुबड म्हणजे निशाचर, हा आपला पक्का समज. रानपिंगळा मात्र दिवसाउजेडी हिंडतो. सागाच्या विरळ रानात तो उघड्या फांदीवर बसतो, शेपटी या बाजूला त्या बाजूला झटकतो आणि जमिनीवर नजर ठेवतो. त्याच्या आहारात सरडे-पालींचा वाटा सर्वांत मोठा, त्याखालोखाल उंदीर आणि कीटक. वीण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत कधीही होते, पण नर-मादीच्या प्रणयाराधनाला जानेवारी-फेब्रुवारीत जोर चढतो. घरटे झाडाच्या नैसर्गिक ढोलीत असते. मादी साधारण दोन अंडी घालते, ती सुमारे तीस दिवस उबवते, आणि अंड्यातून निघालेली पिल्ले आणखी महिनाभराने ढोलीबाहेर पडतात.

काही निरीक्षणे मनाला पटायला जड जाणारी आहेत. नराने स्वतःचीच पिल्ले खाल्ल्याची नोंद या अभ्यासकांनी केली. निसर्ग आपल्या नीतिकथांप्रमाणे वागत नाही. पाहणाऱ्याने जे दिसले ते लिहायचे असते, शोभेल तेवढेच निवडून लिहायचे नसते.

या तपशिलांतून एक व्यावहारिक गोष्ट कळली. ढोली जुन्या, जाड बुंध्याच्या झाडांतच असतात. रानात झाडांची संख्या तीच राहिली, पण जुनी झाडे तोडून फक्त कोवळी राहिली, तर दुरून रान हिरवेच दिसेल आणि रानपिंगळ्याची वीण मात्र बंद पडेल. हे एका दिवसाच्या भेटीत कळणे शक्य नव्हते.

पुढे या पक्ष्याचा आढळ आणखी ठिकाणी कळला. २०१४ साली तो ठाणे-पालघर भागातील तानसा अभयारण्यात, म्हणजे पश्चिम घाटाच्या रानात, सापडला, आणि पक्षिमित्र चकित झाले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले. त्याच वर्षी भारतीय संशोधकांनी डीएनएच्या आधारे दाखवले, की ह्यूम यांचे 'वेगळे घुबड' तितके वेगळे नाही. ते नेहमीच्या पिंगळ्याच्या प्रजातीतच मोडते.

वर्ग बदलला म्हणून धोका टळला असे समजू नये. रानपिंगळा स्थलांतर करत नाही. रान तुटले की तो दुसरीकडे उडून जाईल आणि सुखाने राहील, असे होत नाही. अतिक्रमण, लाकूडतोड, वणवे, शेतातली विषारी औषधे आणि घुबडाभोवतीच्या अंधश्रद्धा या साऱ्यांचा भार त्याच्यावर आहे. दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्याने सातपुड्यातील आदिवासींचे जमिनीवरचे हक्क मान्य केले आहेत, आणि ते न्याय्यच आहे. म्हणून ढोलीची झाडे राखण्याचे काम त्या गावांना बाजूला सारून नाही, तर त्यांच्या हातांनीच होऊ शकेल. आम्हाला वाटते, रानपिंगळ्याचा खरा पहारेकरी पायथ्याच्या आश्रमशाळेत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असणार आहे.

तापीकाठचे पाहुणे

रानपिंगळा हा रहिवासी पक्षी. पाहुण्या पक्ष्यांची नोंद वेगळ्या रीतीने ठेवावी लागते. त्यासाठी जळगाव जिल्ह्यात हतनूर धरणासारखी दुसरी शाळा नाही. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवजवळ होतो, आणि त्या संगमाच्या खालच्या अंगाला, भुसावळ तालुक्यात, हे धरण आहे. त्याचा उथळ, पसरट जलाशय पक्ष्यांना मानवतो. देशातील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत तळोदा आणि तोरणमाळच्या रानांबरोबर हतनूरचाही समावेश आहे.

हिवाळ्यात तापीच्या पाण्यावर तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे पाहुणे उतरतात. त्यांतले काही हिमालयापलीकडून येतात. आशियाभर जानेवारी महिन्यात पाणपक्ष्यांची एकाच सुमारास मोजणी होते. १९८७ साली सुरू झालेल्या या मोजणीत हौशी लोकच मोठ्या संख्येने भाग घेतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पाहुणे गेलेले असतात आणि उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय आणि टिटव्यांची वीण सुरू होते. म्हणजे त्याच जागेवर एका ऋतूत स्थलांतर पाहता येते आणि दुसऱ्या ऋतूत वीण.

पाहुणे कुठून येतात हे आता कसे कळते? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात क्रमांक असलेली कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. नीट पाहिले तर हे कडे म्हणजे डेव्हिडसन यांच्या काळची चिठ्ठीच आहे. नाव, ठिकाण, तारीख, माणूस, या त्याच चार गोष्टी. फरक एवढाच, की आता ती जिवंत पक्ष्याच्या पायात असते आणि त्याच्याबरोबर उडते. २०१३ साली नागालँडमध्ये अमूर ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली गेली, आणि ते भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेकडे जातात हे घरबसल्या पाहता आले. बंदुकीपासून उपग्रहापर्यंत साधने बदलली, पण नोंदीचे चार खांब तेच राहिले.

शाळेची नोंदवही

शाळांतून पक्षिनिरीक्षणाबद्दल बोलणे झाले की शिक्षक आम्हाला हमखास विचारतात, 'आमच्या गावाजवळ ना रान आहे, ना धरण. आम्ही काय पाहावे?' आमचे उत्तर असे, की दुर्मीळ पक्षी पाहण्यापेक्षा नेहमीचे पक्षी नेमाने पाहणे अधिक मोलाचे आहे. एक साधी वही घ्यावी. तिच्यात दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, शाळेपासून ठरलेल्या वाटेने अर्धा तास चालून पुढील गोष्टी लिहाव्यात:

पक्ष्याचे नाव, आणि नाव ठाऊक नसेल तर वर्णन. तारीख, महिना आणि वर्ष. गावाचे आणि शिवाराचे नाव. पाहणाऱ्याचे नाव. पक्षी काय करत होता: काडी नेत होता, चारा भरवत होता, की नुसता बसला होता.

काडी नेणारा पक्षी दिसला की विणीच्या हंगामाची सुरुवात कळते. भोरड्यांचा पहिला थवा आणि शेवटचा थवा यांच्या तारखांतून स्थलांतर कळते. पहिल्या वर्षी या वहीत फारसे काही हाती लागणार नाही. पाचव्या वर्षी आलेख काढता येतील. विसाव्या वर्षी ती वही संशोधकांना हवीहवीशी होईल. शिक्षकांची बदली झाली तरी वही शाळेतच राहील, एवढे पाहावे. ह्यूम यांच्या कागदांचे जे झाले, ते तिचे होऊ नये.

काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. घरट्याजवळ जाऊ नये, ढोलीत हात घालू नये, फांद्या वाकवून छायाचित्रे घेऊ नयेत. विणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला बोलावू नये, कारण तो आपले घर सोडून खोट्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजायला येतो आणि तेवढा वेळ अंडी उघडी पडतात. दुर्मीळ पक्ष्याचे नेमके घरटे कुठे आहे, हे चारचौघांत जाहीर करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अंडी गोळा करणे हा गुन्हा ठरवला आहे, हेही मुलांना सांगावे.

शेवटची सूचना सर्वांत अवघड आहे. एखाद्या आठवड्यात काहीच दिसले नाही, तर मुले ती ओळ कोरी सोडतात, किंवा मागच्या आठवड्याचीच नावे पुन्हा लिहून टाकतात. तसे करू देऊ नये. 'अर्धा तास चाललो, भोरडी दिसली नाही' हे वाक्य तारखेसह लिहायला लावावे. ११३ वर्षांत अशी प्रामाणिक 'नाही' लिहिणारी दहा-वीस माणसे जरी तापीच्या खोऱ्यात असती, तरी मांडवीची खोटी 'आहे' इतकी वर्षे टिकली नसती. गैरहजेरीचीही हजेरी मांडावी लागते, हे शिक्षकांना आम्ही काय वेगळे सांगावे?